तीनदा डावीकडे

ॲपलने २०१६ साली ‘स्विफ्ट प्लेग्राउंड्स’ आणलं. त्यात बाइट नावाचा एक चिमुकला जीव ठोकळ्यांच्या जगात उभा असतो. थोड्या अंतरावर एक रत्न लुकलुकत असतं आणि त्याला तिथवर न्यायचं असतं. बोटाने ढकलून बाइट हलत नाही, त्यासाठी शब्द लिहावे लागतात. ‘मूव्हफॉरवर्ड()’ लिहिलं की तो एक घर पुढे जातो, ‘कलेक्टजेम()’ लिहिलं की रत्न उचलतो, ‘टर्नलेफ्ट()’ लिहिलं की डावीकडे तोंड करतो. काही लेव्हल पार पडल्या की एक अशी येते जिथे रत्न उजव्या अंगाला आहे आणि उजवीकडे वळायची आज्ञाच दिलेली नाही. मूल घुटमळतं. मग कधीतरी लक्षात येतं की तीनदा डावीकडे वळलं की तोंड आपोआप उजवीकडे होतं. पुढच्या लेव्हलला या तीन ओळींना मिळून एक नाव द्यायचं असतं, ‘टर्नराइट’. एवढं केलं की त्या मुलाने आपलं पहिलं फंक्शन लिहिलेलं असतं.

हा धडा ॲपलने शोधलेला नाही. बरोबर पस्तीस वर्षं आधी, १९८१ साली, स्टॅनफर्डच्या रिचर्ड पॅटिस यांचं ‘कॅरल द रोबॉट’ हे पाठ्यपुस्तक निघालं, त्यात तो जसाच्या तसा आहे. ‘रोबॉट’ हा शब्द जगाला ज्यांच्या नाटकाने दिला त्या कारेल चापेक यांचं नाव घेतलेला कॅरल फक्त पाच आज्ञा जाणतो: पुढे जा, डावीकडे वळ, बीपर उचल, बीपर ठेव, बंद हो. उजवीकडे वळणं विद्यार्थ्यानेच त्याला शिकवायचं. पॅटिसना एक आज्ञा वाढवणं अवघड नव्हतं. पण ती मुद्दाम अर्धवट ठेवलेली जागा होती. जे हाताशी नाही ते असलेल्यातून जोडून घ्यायचं आणि त्याला नाव द्यायचं, हे प्रोग्रॅमिंगचं मर्म त्या जागेतून शिकवता येत होतं.

शब्द टाइप करायचे, पडद्यावरचा जीव ते पाळणार आणि चुकलं तर भिंतीवर आदळणार, असे खेळ आज शेकड्यांनी मिळतात. ते सगळे एकाच घराण्यातले आहेत. हे घराणं व्हिडिओ गेमच्या धंद्यातून निघालं असं वाटतं, पण त्याचं मूळ शाळेत आहे आणि मुळाशी एक कासव आहे.

कासव येण्याआधी

लोगो ही भाषा १९६७ ची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही संशोधन कंपनी होती. तिथे वॉली फर्झाइग, सिंथिया सॉलोमन, डॅनियल बोब्रो आणि एमआयटीतले सेमूर पेपर्ट यांनी मुलांसाठी प्रोग्रॅमिंगची भाषा घडवायला घेतली. पेपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेतले गणिती. जिनिव्हाला मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी काही वर्षं काढली होती, आणि मूल सांगितलेलं साठवत नाही तर स्वतः काही घडवता घडवता समजून घेतं, ही धारणा ते तिथून घेऊन आले होते. जवळच्या लिंकनमधल्या एका शाळेतल्या पाचवी-सहावीच्या मुलांपुढे त्या वर्षी लोगो पहिल्यांदा ठेवली गेली.

त्या लोगोत कासव नव्हतं, चित्रंही नव्हती. टेलिटाइपवर आज्ञा टाइप करायची आणि उत्तर कागदावर खडखडत छापून यायचं. मुलं शब्दांशी खेळायची. आपल्याकडे पोरं ‘च’च्या भाषेत बोलतात, तशीच इंग्रजीत पिग लॅटिन असते. लेक्सिंग्टनच्या शाळेतल्या सातवीच्या मुलांनी पुढच्या वर्षी साध्या वाक्याचं पिग लॅटिन करणारे प्रोग्रॅम लिहिले. ढिगातून काड्या उचलायच्या ‘निम’ या खेळात माणसाशी सामना देणारे प्रोग्रॅमही लिहिले. म्हणजे मुलांना कोडिंग शिकवण्याच्या अगदी पहिल्या प्रयत्नातही खेळ होता, आणि तो खेळ मुलांनीच लिहिलेला होता. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे नेमकी तीच हरवली.

कासव आलं ते १९६९-७० च्या सुमारास, आणि तेही ब्रिटनमधल्या एका जुन्या प्रयोगाचं नाव घेऊन. ब्रिस्टलमध्ये विल्यम ग्रे वॉल्टर नावाचे मेंदूशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९४८-४९ मध्ये एल्मर आणि एल्सी अशी दोन यंत्रं बनवली. प्रत्येकात दोन व्हॉल्व्ह, म्हणजे जणू दोनच मज्जापेशी; उजेड ओळखणारा एक डोळा आणि धक्का लागला की कळणारं कवच. एवढ्या भांडवलावर ती जमिनीवर फिरायची, अडथळा चुकवायची, बॅटरी उतरली की दिव्याच्या दिशेने आपल्या खुराड्यात परतायची. एमआयटीच्या मंडळींनी केलेलं यंत्रही चाकांवर फिरणारं, घुमटाच्या आकाराचं होतं. त्याच्या पोटात पेन बसवलेलं होतं. फरक एवढाच की वॉल्टरचं कासव आपल्या मर्जीने हिंडायचं, पेपर्टचं कासव मुलाने टाइप केलेल्या शब्दांवर चालायचं.

‘एफडी १००’ म्हणजे १०० पावलं पुढे. ‘आरटी ९०’ म्हणजे ९० अंश उजवीकडे. हेच दोन शब्द चारदा लिहिले की जमिनीवर चौरस. ‘रिपीट ३६० [एफडी १ आरटी १]’ लिहिलं की वर्तुळ, आणि तेही त्रिज्या किंवा केंद्र यांचं नाव न काढता. काही अडलं की पेपर्ट म्हणत, तू स्वतःच कासव हो आणि चालून बघ. दहा वर्षांच्या मुलाला कोन म्हणजे काय हे फळ्यावर कळलं नाही, तरी आपण किती वळलो हे त्याच्या अंगाला कळतं. कासवाचं सामर्थ्य यात होतं. प्रोग्रॅम चुकला की कागदावर एखादा चुकीचा आकडा येत नसे, कासव भलतीकडे जाई. ती चूक बाईंनी लाल शाईने दाखवायची गरज पडत नसे. सगळ्या वर्गासमोर ती जमिनीवर रेखाटलेली असे, आणि कुठल्या वळणापासून बिघडलं तेही तिथेच दिसे. लवकरच हे कासव जमिनीवरून पडद्यावर गेलं, त्रिकोणी बाण होऊन. पेपर्ट यांचं ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक १९८० साली आलं आणि कासव जगभरच्या शाळांत पोचलं.

छापील खेळ

घराण्याची दुसरी शाखा लोगोपेक्षा तीन वर्षं थोरली आहे. डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १ मे १९६४ च्या पहाटे चार वाजता बेसिक भाषेतले पहिले प्रोग्रॅम चालवले. विज्ञान-गणिताबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा, हा त्यांचा हेतू. टर्मिनल हाती आल्यावर विद्यार्थ्यांनी खेळ लिहायला सुरुवात केली आणि त्या दोघांनी ते बंद पाडलं नाही. खेळणारा मुलगा यंत्राला भीत नाही, हे त्यांना पुरेसं होतं.

तिथून हे खेळ कागदावर उतरले. कॅलिफोर्नियात बॉब अल्ब्रेक्ट यांनी १९७२ मध्ये ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ नावाचं वार्तापत्र काढलं, त्यात बेसिकमधले खेळ ओळीनिशी छापले जात. डेव्हिड ॲल यांचं ‘१०१ बेसिक कॉम्प्युटर गेम्स’ १९७३ चं. त्याची १९७८ ची घरगुती संगणकांसाठी केलेली आवृत्ती दहा लाखांवर खपली; संगणकाच्या पुस्तकांत हा पहिलाच मान. खेळ विकत घ्यायचा म्हणजे तेव्हा बहुधा त्याचा कोड छापलेला कागद घ्यायचा. घरी आणून ओळ ओळ टाइप करायची. शंभर ओळींत कुठे शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला की खेळ अडायचा, आणि यंत्र ओळीचा नंबर देऊन गप्प बसायचं. मग एकाने पुस्तकातून वाचायचं, दुसऱ्याने पडद्यावर बोट फिरवायचं. ते करता करता कळायचं की १४० व्या ओळीतल्या आकड्यावर जीव किती मिळणार ते ठरतं. तो आकडा ३ चा ३० केला की मुलाचं खेळाडूतून हळूच कर्त्यात रूपांतर होऊन जायचं, आणि त्याला ते कळायचंही नाही.

या शाखेचे धागे आपल्याकडेही पोचले. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या संगणक-साक्षरता मोहिमेसाठी एकॉर्न कंपनीने केलेला बीबीसी मायक्रो १९८१ च्या डिसेंबरात बाजारात आला. भारत सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला तेव्हा सुरुवातीच्या सुमारे अडीचशे शाळांत हेच यंत्र ठेवलं गेलं. पुण्यात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रमची परवाना घेऊन केलेली आवृत्ती, ‘डीबी स्पेक्ट्रम’, ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात विकली. ते यंत्र टीव्हीला जोडायचं आणि प्रोग्रॅम कॅसेटवर साठवायचा. मूळ स्पेक्ट्रमची एक खुबी होती: ‘पी’ ही एक की दाबली की ‘प्रिंट’ हा अख्खा शब्द पडद्यावर उमटायचा. बेसिकचे शब्द अक्षर अक्षर टाइप करायचे नव्हते, त्यामुळे स्पेलिंगची चूक निम्म्याने टळायची. इंग्रजी टाइप करायची सवय नसलेल्या हातांना ही सोय किती मोठी, हे आजच्या कोडिंगच्या वर्गात बसलं की कळतं.

हात बांधून लढाई

तिसरी शाखा शाळेत जन्मली नाही. सायलस वॉर्नर यांनी सत्तरच्या दशकात प्लेटो या शैक्षणिक संगणकजालावर ‘रोबॉटवॉर’ लिहिला, आणि १९८१ साली म्यूज सॉफ्टवेअरने तो ॲपल-टू यंत्रासाठी विकायला काढला. ज्या वर्षी कॅरल आला त्याच वर्षी. मैदानात यंत्रमानव एकमेकांवर गोळे झाडतात, पण खेळाडूच्या हातात जॉयस्टिक नसते. लढाईआधी त्याने आपल्या यंत्रमानवासाठी प्रोग्रॅम लिहायचा, मैदानात सोडायचा आणि हात बांधून बघत बसायचं. रडार कुठे फिरवायचं, मार बसला की कुठे पळायचं, सारं आधीच लिहून ठेवलेलं. हरल्यावर खेळाडू म्हणे, माझे हात मंद होते असं नाही, माझा विचार अपुरा पडला. ‘कॉम्प्युटर गेमिंग वर्ल्ड’ हे मासिक वाचकांकडून प्रोग्रॅम मागवून त्यांच्या स्पर्धा भरवत असे.

पुढे १९८४ च्या मेमध्ये ए. के. ड्यूडनी यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात ‘कोअर वॉर’ मांडला, ज्यात दोन प्रोग्रॅम संगणकाच्या स्मृतीतच एकमेकांना खायला बघतात. २००१ साली आयबीएमच्या मॅथ्यू नेल्सन यांचा ‘रोबोकोड’ आला. त्यात रणगाडे होते आणि भाषा जावा. नवशिक्यासाठी दिलेल्या नमुन्यातली पहिली आज्ञा ‘अहेड(१००)’. कासवाचं ‘एफडी १००’ इथे तोफ लावून आलं होतं. जावा शिकवणाऱ्या कॉलेजांत हा खेळ वापरला गेला तो यामुळे की, मुलं एका रणगाड्यासाठी परीक्षेच्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त त्रिकोणमिती घोटायची.

या शाखेने घराण्याला जे दिलं ते महत्त्वाचं आहे. कासवाने चूक पाहायला शिकवलं, रोबॉटवॉरने पूर्वविचार. आपण जागेवर नसताना आपले शब्द काय करतील, हा विचार. प्रोग्रॅमिंगचा सारा धंदा याच विचारावर चालतो.

शंका आणि ठोकळे

कौतुक फार झालं की हिशेब मागणारे येतात, आणि यायलाच हवेत. न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेज ऑफ एज्युकेशनमध्ये रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी लोगो शिकलेल्या मुलांचा अभ्यास केला. वर्षभर लोगो केलेली मुलं कामाची आखणी करण्याच्या चाचण्यांत लोगो न केलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली नाहीत. कोड लिहायला शिकलं की मूल सगळ्याच बाबतीत तर्कशुद्ध होतं, हा दावा १९८४ सालीच डळमळला होता. आज शिकवणीच्या जाहिरातींत तोच दावा छातीठोकपणे केला जातो तेव्हा हे आठवलेलं बरं. पेपर्ट यांचं त्यावरचं उत्तरही विचार करण्याजोगं होतं. लोगो म्हणजे काही औषधाची मात्रा नव्हे, की दिली आणि गुण आला का बघितलं. तिच्याभोवती वर्गात कसलं वातावरण आहे, त्यावर सारं अवलंबून असतं, असं त्यांचं म्हणणं.

शिक्षण आणि खेळ यांच्या विवाहावरही ते पुढे, १९९८ मध्ये, बोलले. बर्नार्ड शॉ यांची एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. एक रूपवती त्यांना म्हणाली, आपल्याला मूल झालं तर रूप माझं आणि बुद्धी तुमची येईल. शॉ म्हणाले, आणि उलटं झालं तर? पेपर्ट म्हणत, शैक्षणिक खेळांचं बहुधा उलटंच होतं. शाळेचा रटाळपणा आणि खेळाचा उथळपणा, दोन्हीकडचं वाईट तेवढं उतरतं. मुलांना सोपं नको असतं. मजा अवघडपणातच असते, फक्त ते अवघड त्यांनी स्वतः पत्करलेलं असावं लागतं.

दरम्यान घराण्यातून एक मोठी फांदी वेगळी झाली. एमआयटीत सत्तरच्या दशकाच्या मध्यात रेडिया पर्लमन नावाच्या विद्यार्थिनीने अजून वाचताही न येणाऱ्या मुलांसाठी कासव चालवायचं बटणांचं आणि कार्डांचं यंत्र बनवलं. याच पर्लमन पुढे संगणक-जाळ्यांच्या क्षेत्रात मोठ्या झाल्या. कार्ड खोचून प्रोग्रॅम करायची ही कल्पना आज ज्या रूपात घरोघरी आहे ते म्हणजे एमआयटी मीडिया लॅबमधल्या मिचेल रेस्निक यांच्या गटाने २००७ मध्ये लोकांसाठी खुलं केलेलं ‘स्क्रॅच’. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. चुकीचा ठोकळा बसतच नाही. पवईच्या आयआयटीत तयार झालेल्या ‘कॉम्प्युटर मस्ती’ या शालेय अभ्यासक्रमानेही स्क्रॅचचाच आधार घेतला. ठोकळ्यांनी लाखो मुलांना आत आणलं. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला एक दिवस वाटतं की हे लहानांचं आहे, खरे प्रोग्रॅमर टाइप करतात. तिथे पाऊल अडखळतं. ठोकळे सोडून अक्षरांकडे जायचं तर कंस, टिंब आणि स्पेलिंग एकदम अंगावर येतात. टाइप करून शिकवणारे आजचे खेळ या उंबरठ्यावर उभे आहेत.

खेळाच्या पोटात कोड

मधल्या काळात, बहुतेकांच्या नजरेआड, आणखी काही घडत होतं. १९९१ मध्ये टिम स्वीनी यांनी ‘झेडझेडटी’ नावाचा खेळ काढला. पडद्यावर सारी अक्षरंच, आणि सोबत तोच खेळ नव्याने रचायचं साधन. खेळातल्या वस्तूंना चार ओळी लिहून बोलतं-चालतं करता यायचं. एका पिढीतल्या कितीतरी मुलांनी प्रोग्रॅमिंगचा ओनामा तिथे गिरवला. स्वीनींची ती छोटी कंपनी पुढे ‘फोर्टनाइट’ची एपिक गेम्स झाली. एमआयटीत एमी ब्रकमन यांनी नव्वदच्या दशकात ‘मूस क्रॉसिंग’ उभं केलं: निव्वळ शब्दांनी बनलेलं ऑनलाइन गाव, जिथे मुलं आपलं पाळीव जनावर किंवा जादूची खोली मुलांसाठी खास बनवलेल्या भाषेत लिहायची, आणि कुठे अडलं तर दुसऱ्या गावातला एखादा अनोळखी बारा वर्षांचा मुलगा समजावून सांगायचा.

नंतर घरातले संगणक बदलले. सुरू करताच बेसिकची चौकट पुढे येणारी यंत्रं गेली, चित्रांवर टिचकी मारायची यंत्रं आली. ब्रिटनमधल्या केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राला येणाऱ्या मुलांची संख्या आणि तयारी दोन्ही घसरल्याचं एबन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जाणवलं. बीबीसी मायक्रोवर रात्री जागवणारी पोरं आता येत नव्हती. त्या चिंतेतून २०१२ मध्ये स्वस्त, तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ जन्मला, आणि त्याच्या ‘मॉडेल ए’ व ‘मॉडेल बी’ या नावांत बीबीसी मायक्रोचीच आठवण ठेवली गेली. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, त्याच्यासाठी माइनक्राफ्टची खास मोफत आवृत्ती निघाली. खेळाच्या शेजारी पायथॉनची खिडकी उघडायची. तिथे ‘सेटब्लॉक’ लिहून तीन आकडे आणि ठोकळ्याचा प्रकार दिला की खेळाच्या जगात त्या जागी दगड उभा. हाताने तासभर रचायची भिंत लूपच्या दोन ओळींत.

त्याआधी, २०११ च्या डिसेंबरात, डॅनियल रॅटक्लिफ यांनी माइनक्राफ्टसाठी ‘कॉम्प्युटरक्राफ्ट’ ही जोड काढली होती. तिच्यात पुढे ल्युआ भाषेत आज्ञा घेणारे यंत्रमानव आले. ‘टर्टल.फॉरवर्ड()’, ‘टर्टल.डिग()’ लिहिलं की ते खाणीत उतरून खणायचे, आणि कोळसा संपला की होते तिथे थांबायचे. त्यांचं नाव टर्टल. एमआयटीतून निघालेलं कासव चाळीस वर्षांनी खाणकामाला लागलं होतं.

मग आलं ‘कोडकॉम्बॅट’. चिनी लिपी शिकवणारं ‘स्क्रिटर’ काढलेल्या मित्रांनी २०१३ मध्ये ही कंपनी सुरू केली आणि २०१४ च्या जानेवारीत खेळाचा सारा कोड जगासाठी मोकळा केला. पहिली लेव्हल एका तळघरात घडते. डावीकडे तळघर, उजवीकडे कोड लिहायची जागा. ‘हीरो.मूव्हराइट()’, मग ‘हीरो.मूव्हडाउन()’, मग पुन्हा ‘हीरो.मूव्हराइट()’, एवढ्यात काट्यांना चुकवून रत्न हाती येतं. खेळाची खरी कल्पकता मात्र बाजारात आहे. जमवलेल्या रत्नांनी नायकासाठी सामान घ्यायचं, आणि प्रत्येक वस्तूबरोबर नवी आज्ञा मिळते. बूट घातले तर चालता येतं. तलवार घेतली तर ‘अटॅक’ लिहिता येतं. चष्मा चढवला की ‘फाइंडनिअरेस्टएनिमी’, म्हणजे जवळचा शत्रू शोधता येतो. आणि लूप वापरायची परवानगी एका पोथीतून मिळते. पॅटिस यांनी उजवं वळण काढून घेऊन जे साधलं, तेच इथे सगळ्या भाषेला लावलेलं आहे. भाषा एकदम अंगावर टाकायची नाही; गरज पडू द्यायची, मग शब्द हाती द्यायचा.

आपल्या कीबोर्डवर

महाराष्ट्रातल्या इंग्रजी माध्यमाच्या कित्येक शाळांत चौथी-पाचवीच्या कॉम्प्युटरच्या पुस्तकात लोगो होती आणि काही ठिकाणी अजून आहे. बूट बाहेर काढून लॅबमध्ये शिरायचं, एका यंत्रावर तिघांनी बसायचं, एमएसडब्ल्यू-लोगो उघडून चौरस काढायचा. पण परीक्षा कागदावर, आणि प्रश्न ‘एफडीचं पूर्ण रूप लिहा’. ज्या कासवाचं सारं बळ चूक चालताना दाखवण्यात, ते पाठांतराच्या वहीत जाऊन बसलं. यात लोगोचा दोष नाही. यंत्र कमी, मुलं जास्त आणि गुण द्यायची घाई असली की कुठलाही खेळ अभ्यास होतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावीपासून कोडिंगचा उल्लेख केला आहे. त्या कोडिंगचंही हेच होऊ नये असं वाटत असेल, तर पाठ्यपुस्तकाआधी लॅबचं वेळापत्रक बघावं लागेल.

मराठी माध्यमातल्या मुलाची अडचण आणखी निराळी. ‘एफडी’ आणि ‘आरटी’ ही दोन-दोन अक्षरं ती पोरं खुणेसारखी लक्षात ठेवत. पण ‘मूव्हराइट’मधलं ‘आर’ मोठ्या लिपीत, बाकी लहान. मध्ये टिंब, शेवटी उघडून लगेच मिटलेला कंस. हे सारं जमेपर्यंत तर्काकडे लक्ष जातच नाही. ‘कोडमंकी’ या इस्रायली खेळाने केळी गोळा करणाऱ्या माकडासाठी कॉफीस्क्रिप्ट निवडली ती काहीशी याच कारणाने. तिथे ‘स्टेप १५’ एवढंच लिहून भागतं, कंस लागत नाही. नेदरलँड्समध्ये फेलियन हर्मान्स यांनी २०२० मध्ये केलेली ‘हेडी’ ही भाषा त्याच्या पुढे गेली. ती व्याकरण पायरीपायरीने कडक करत नेते, आणि तिचे शब्द हिंदी, अरबी अशा भाषांतही लिहिता येतात. ‘केटर्टल’ या मोफत कासवाचं शिक्षण आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ने मराठी आवाजातही दिलं आहे. साधनं नाहीत अशी स्थिती नाही. ती कोणत्या वर्गात, किती वेळ आणि कोणाच्या देखरेखीखाली उघडली जातात, हा प्रश्न आहे.

या साऱ्या वंशावळीत एक गोष्ट हळूहळू फिरली. निम खेळणारा प्रोग्रॅम मुलाने लिहिला होता. ॲलच्या पुस्तकातला खेळ मुलाने टाइप केला होता आणि १४० वी ओळ बदलून आपला केला होता. म्हणजे खेळ कोडमध्ये होता. आजच्या बहुतेक खेळांत कोड खेळात असतो. जग दुसऱ्याने रचलेलं, कोडं दुसऱ्याने घातलेलं, उत्तरही आधीच ठरलेलं; मुलाने त्या उत्तरापर्यंत शब्दांनी पोचायचं. सुरुवातीसाठी ते चांगलं आहे, कासवानंतर इतकी चांगली सुरुवात क्वचितच कोणी दिली असेल. पण शेवटची लेव्हल पार झाल्यावर पडदा मुलाला चकाकता बिल्ला देतो की एक रिकामी फाइल, यावर पुढचं सारं ठरतं. रोबॉटवॉर रिकाम्या फाइलपासूनच सुरू व्हायचा. कॉम्प्युटरक्राफ्टच्या कासवाला काय खणायचं ते मूलच ठरवतं. कोडकॉम्बॅटने पुढे खेळ बनवायचे पाठही जोडले, म्हणजे हा प्रश्न त्यांनाही दिसला होता.

म्हणून मुलासाठी असा खेळ निवडताना पालकांनी किंवा शिक्षकांनी लेव्हल किती, प्रमाणपत्र मिळतं का, हे विचारण्याआधी दुसरं विचारावं. या खेळातली एखादी लेव्हल माझ्या मुलीला स्वतः लिहिता येईल का, आणि ती शेजारच्या मुलाला खेळायला देता येईल का? उत्तर ‘हो’ असेल तर भाषा पायथॉन आहे की ल्युआ याची फार काळजी करू नये. आपल्या लेव्हलवर तो मुलगा भिंतीला का आदळतोय हे शोधताना तिला जे कळेल, त्यासाठीच पेपर्टनी कासवाच्या पोटात पेन बसवलं होतं.